उत्तमनानांची कॅसेट पळत नाही

धरणगावच्या उत्तमनानांच्या कॉम्प्युटरवर मंगलाष्टकं सुरू झाली की नाना खुर्चीतून उठून उभे राहतात. लग्न कधीच होऊन गेलेलं असतं. नवरा-नवरीची पोरं कॉलेजात असतात. तरी अक्षता पडेपर्यंत नाना बसत नाहीत, आणि आपण बसून राहिलो तर असं बघतात की उठावंच लागतं. मीही उठलो. स्वतःच्याच लग्नाला दुसऱ्यांदा उभा राहिलो, आणि तेही चरफडत.

राग का ते सांगतो. जळगावात माझं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. सुरुवात हातगाडीवरून केली. समोरचा काहीही म्हणो, मी निम्म्यावरून बोलायला लागतो. आजवर प्रत्येकजण थोडा तरी खाली आला. हा एकच माणूस तसूभर हलला नाही, आणि ते मी अजून विसरलेलो नाही.

गोष्ट मुलीच्या हळदीच्या आदल्या दिवसाची. आई-बापाच्या लग्नाची फिल्म हळदीत मोठ्या पडद्यावर लावायचीच, असा तिचा हट्ट होता. शूटिंग नानांनीच केलेलं; तेव्हा आसपासच्या लग्नांत कॅमेरा त्यांचाच असायचा. काडेपेटीएवढ्या त्या कॅसेटी चालवणारा कॅमेरा आता जळगावात कुणाकडे नाही. एडिटिंगवाला म्हणाला, "फिल्म कॉम्प्युटरमध्ये उतरवून आणा. कापाकापी आणि गाणी माझ्याकडे." म्हणून सकाळीच धरणगाव गाठलं.

नानांनी पहिली कॅसेट कॅमेऱ्यात घातली, शेवटपर्यंत पुढे नेली आणि पुन्हा सगळी मागे आणली.

"हे कशाला?"

"इतकी वर्षं पडून होती. अंग मोकळं करू दे तिले."

मग कॅमेऱ्याखाली घडी केलेला पंचा, त्याच्यावर टेबलफॅनचा वारा, आणि वायर कॉम्प्युटरला. दवाखान्यात पेशंटला सलाईन लावावी तसा सगळा थाट.

"किती वेळ?" मी विचारलं.

"तासाची कॅसेट, तासभर."

"अर्ध्या तासात करा."

"नाही होत."

"बरं, पाऊण तास. तुमचं नको, माझं नको."

"भाऊ, जशी भरली तशीच उतरी. घाई शे का तुले?"

'घाई शे का' हे नानांचं ठेवणीतलं वाक्य. ते बोलून झालं की वाद संपला, असं ते धरून चालतात.

"मला फक्त हार घालणं आणि सप्तपदी द्या. बाकीचं गाळा."

"आणि तुना मामा? टोपी मिळाली नाही म्हणून रुसला तो? त्याले गाळू?"

कॅसेटी चार होत्या. नाना प्रत्येक माणसाला ओळख देत होते. म्हातारा दिसला की हात जोडायचे. कुणी चपला शोधताना दिसला की हसायचे. वाढप्याला म्हणायचे, "अरे, तिकडची रांग राहिली!" तिकडे मुलीचे फोनवर फोन. एडिटिंगवाला दुकान बंद करून घरी जायची धमकी देत होता. तिसऱ्या कॅसेटीला माझं डोकं फिरलं.

"नाना, हे बघत बसायची गरज काय? रात्री लावून द्यायचं आणि झोपायचं! माझ्या पोरीची हळद आहे, तुमची करमणूक नाही!"

तेवढ्यात कॉम्प्युटरमधून एक बाई माझ्याहून मोठ्यानं ओरडली. "ओ भाऊ, सरका तिकडे! नवरीच्या तोंडावर अंधार पडी ऱ्हायना!"

आणि आतल्या खोलीत कुणीतरी स्टीलचा पेला खाटेवर आपटायला लागलं. ठण, ठण, ठण.

नानांनी मला हातानं गप्प केलं, आवाज वाढवला आणि दारावरचा पडदा बाजूला सारला. आत खाटेवर नानी होत्या. मान कॉम्प्युटरकडे वळलेली. चेहऱ्याची एकच बाजू हसत होती.

"लाईट तीच धरायची," नाना म्हणाले. "लाईट धरणारा माणूस फिल्ममधे कधी येत नाही. हिचा फक्त आवाज शे, लोकांच्या कॅसेटींत. अर्धांगात बोलणं गेलं. कुणी जुनी कॅसेट आणली का लग्नाला जाऊन येतो दोघं." मग म्हणाले, "रात्री लावली तर ती झोपलेली असते, भाऊ."

मी खुर्ची जरा सरकवली, म्हणजे खाटेवरून नीट दिसेल एवढी.

चौथ्या कॅसेटीत पंगत बसली. वरण-बट्टी, वांग्याची भाजी. नाना उठले, स्वयंपाकघरातून वरणात कुस्करलेली बट्टी घेऊन आले आणि नानींना एकेक घास भरवायला लागले. पडद्यावर माझा रुसलेला मामा धावत धावत तूप वाढत होता.

फोन वाजला. मुलगी रडकुंडीला आली होती. "पप्पा, निघालात का? झालं का नाही अजून?"

"नाही," मी म्हणालो. "अजून जेवणं चालू आहेत."