मटेरियल कुठून आणलं?

बापट काकांच्या घरी नवा माणूस गेला, की पाण्याच्या ग्लासाआधी प्रश्न येतो. "जग देवानं केलं, मान्य. पण मटेरियल कुठून आणलं?"

गॅसचा सिलेंडर घेऊन आलेल्या भैयालाही त्यांनी जिन्यात गाठलं होतं. तो बिचारा धापा टाकत म्हणाला, "अंकल, एजेंसी से पूछिए." काका दिवसभर खूश. म्हणाले, "प्रामाणिक माणूस! बाकीचे थापा मारतात."

काका वरच्या मजल्यावर, मी खालच्या. मी बँकेतली, बदली होऊन साताऱ्याहून लखनौला आलेली. काका रेल्वेतले इंजिनियर. चारबागजवळच्या वर्कशॉपात डबे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला आणि तिथूनच ते रिटायर झाले. मुलगा पुण्याला बोलावतो, हे जात नाहीत. "डबा असो की ब्रह्मांड, आधी लोखंड लागतं," असं म्हणून विषय बदलतात.

गंमत म्हणजे काकू होत्या तोवर हा माणूस देवळाबाहेर चपला सांभाळत उभा राहायचा. काकू गेल्या आणि हे सुरू झालं. एकदा मीच वैतागले. "अहो काका, आणलं असेल कुठूनही! तुम्हाला काय करायचंय?"

"असं बघ," ते शांतपणे म्हणाले. "काहीच नव्हतं आणि त्यातून सगळं आलं असेल, तर सगळ्याचं परत काहीच नाही होऊ शकतं. मग आमची नलूही काहीच नाही. पण माल आधीपासूनचा असेल, तर तो कुठं जात नाही. मग ती कुठंतरी आहे. मला एवढंच कळायला हवं."

कपाळ माझं! तो किडा माझ्याही डोक्यात शिरला. तेव्हापासून रविवारी त्यांच्याबरोबर मीही निघते.

पहिल्यांदा गेलो हज़रतगंजच्या चर्चमध्ये. पाद्रीसाहेब मोठे गोड. म्हणाले, "हमारे यहाँ तो ख़ुदा ने कुछ नहीं से ही बनाया, इंजीनियर साहब. सामान की ज़रूरत उसको क्यों होगी?"

"अच्छा," काका म्हणाले, "तो वो 'कुछ नहीं' रखा कहाँ था?"

पाद्रीसाहेब इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

मग अमीनाबाद. तिथं कापडाच्या दुकानांमागे एक म्हातारे मौलवीसाहेब राहतात. ते म्हणाले, "उसका हुक्म हुआ, और सब हो गया."

"यानी ऑर्डर तोंडी थी. पर जब कोई था ही नहीं, तो ऑर्डर सुना किसने?"

मला वाटलं, झालं, आता आपली धिंड! पण मौलवीसाहेबांचे डोळे चमकले. "जनाब, इस पर तो बड़े-बड़े आलिम उलझे हैं. बैठिए, चाय मँगाता हूँ." दोघं संध्याकाळपर्यंत बसले. मी दोन ड्रेसपीस घेऊन परत आले, तरी तोंडी ऑर्डर चालूच होती.

आमच्या गल्लीतल्या शास्त्रीजींनी मात्र काकांना हवं ते सांगितलं. मूळ द्रव्य अनादि आहे, देव त्याला फक्त आकार देतो. काका आधी खुलले, मग पायऱ्या उतरताना चेहरा पडलाच. "म्हणजे देव फिटर झाला गं. मालक कोण मग?"

या गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी मी एक शहाणपणा केला. काकू गेल्या त्या वर्षी त्यांच्याकडे गणपती बसला नव्हता. एकटा माणूस, कुठं धावपळ करणार, म्हणून मी बाजारातून सुबक मूर्ती आणली आणि वर नेऊन दिली. काकांनी ती नीट फिरवून पाहिली.

"छान आहे. पण ही माती नवी आहे," म्हणाले, आणि मला बाल्कनीत घेऊन गेले.

टबात शाडू भिजत घातला होता. काकूंनी लग्नानंतर पेणहून, माहेरून आणलेला. दर वर्षी त्या त्याचाच गणपती करायच्या, याच टबात विसर्जन करायच्या, माती वाळवून ठेवायच्या आणि पुढच्या वर्षी पुन्हा तीच भिजवायच्या. पाटावर काकांनी केलेला गणपती होता. देवा रे! सोंड व्हर्नियरनं मोजून एकसारखी केलेली, पण कान निखळलेले आणि पोट थेट बॉयलरचं.

"विसर्जनाला नलू रडायची," ते माती मळत म्हणाले. "मी चिडवायचो, अगं, रडतेस काय, माल सगळा टबातच आहे की! आणि तिला मात्र मी संगमावर नेऊन वाहत्या पाण्यात सोडून आलो. सगळ्यांनी सांगितलं, असंच करतात."

मी ओढणी कमरेला खोचली आणि कान करायला घेतले.

"एक सांगू?" काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "माझ्यानंतर ही माती टाकू देऊ नकोस. पोरगा टाकेल, त्याला माहीत नाही. तू ठेव."

"काका, माझी बदलीची नोकरी. उद्या कुठं पाठवतील, काय सांगू?"

"मग बरोबर ने. नवऱ्याच्या नोकरीपायी पेणहून इथवर आलीच ना?"

ते मातीबद्दल बोलत होते की काकूंबद्दल, मी विचारलं नाही. "नेईन," म्हटलं. डोळे भरून आले होते आणि दोन्ही हात मातीचे, पुसायचे तरी कशानं?