दारातल्या सतरा घागरी

“न्हाणीत दिवा लागल्याबिगर मी सुनंला धाडणार न्हाई, इहीणबाई. आंधारात पाय घसरला, तर जाब कुणाला विचारायचा मी?”

लेकीच्या सासूचा, पंचफुलाबाईंचा हा आवाज महिनाभर पार्वतीबाईंच्या कानात होता. तुळशीला पाणी घालताना तो यायचा, पोथी वाचताना दोन ओव्यांच्या मधून डोकावायचा. लेकीचं, इंदूचं, पहिलं बाळंतपण होतं. ते माहेरी व्हावं, एवढंच पार्वतीबाईंचं देवाकडे मागणं. आज दुपारच्या मोटारीनं इहीणबाई कंधारहून इंदूला घेऊन येणार होत्या आणि आल्या आल्या न्हाणी बघणार होत्या. दिवा दिसला तर सून ठेवायची, नाही तर त्याच पावली परत न्यायची. पंचफुलाबाई बोलतात तसंच करतात, हे साऱ्या सोयऱ्यांना ठाऊक होतं.

“उद्या पक्कं, भाभी,” असं चार दिवस सांगणारा निजामोद्दीन वायरमन आज सकाळी नऊला खरोखरच आला. न्हाणीचं दार उघडून तो उंबऱ्यावरच थबकला. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि त्यातली दोन पावसावाचून गेली होती. नळ आठवड्यातून एकदा यायचा; पिठाच्या गिरणीमागचा हापसा तासभर दांडा मारला तर घागरभर पाणी द्यायचा. म्हणून गल्लीतल्या सगळ्या घरांसारखं इथंही न्हाणीतलं न्हाणं उठलं होतं आणि तिथं पाणी राहायला आलं होतं. घागरी, हंडे, कळशा, झाकणाचे डबे. माणसं अंगणात तांब्याभर पाण्यात आटपायची.

“हे समदं भाईर काढा, भाभी. फरशी कोरडी करा. ओल्या जागी मी वायरला हात लावत न्हाई. आमच्या उस्तादानं लावला व्हता.”

“मग?”

“मग काय, आता दुकानात बसून नुसतं सांगतेत. हातानं काई करत न्हाईत.”

पार्वतीबाईंनी पदर खोचला. पुढच्या खोलीत इंदूची बाज मांडलेली, स्वयंपाकघरात वीतभर जागा. मग त्यांनी सतरा भांडी एकेक करून बाहेर नेली आणि गल्लीत, भिंतीच्या सावलीला ठेवली. ठेवली तीही ओळीनं. आधी देवाचं पाणी, मग पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, शेवटी वरकामाचं. सोवळ्याची सवय, दुसरं काय.

समोरच्या सरजाबाई राख टाकायला बाहेर आल्या. त्यांनी ती ओळ पाहिली आणि राखेची पाटी तिथंच ठेवून त्या आत पळाल्या. त्या दिवसांत घागरींची ओळ दिसली, की कुणी ‘काय आहे’ म्हणून विचारत नसे. आधी आपली घागर मागं लावायची, मग विचारायचं. अर्ध्या तासात ओळ पिठाच्या गिरणीपर्यंत गेली.

फरशी पुसून पार्वतीबाई बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

“सरजाक्का, हे काय वो?”

“टँकर कवा यायलाय?”

“टँकर न्हाई यायचा. न्हाणीत दिवा बसवायलेत, म्हणून भांडी काढलीत मी.”

सरजाबाईंनी मान डोलावली. “बसवा की दिवा. तुमचं मालक कलेक्टर हापिसात. तुमाला सांगायची बंदी आसंल. आमी कुठं काय विचारलं?”

पार्वतीबाई मुळातच हळू बोलत. आज गल्लीला ते गुपित वाटलं. खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा रोजचा नेम साऱ्यांना माहीत होता. म्हणूनच बायका एकमेकींना म्हणाल्या, “बिचारीला खोटं बोलाय लावलंय वरच्यांनी. बघा, मान वर करंना.”

तेवढ्यात निजामोद्दीन वायरचं भेंडोळं खांद्यावर टाकून शिडीवर चढला. खालून कुणीतरी म्हणालं, “मोटार बसवायलेत. टँकरचं पाणी खेचायला.” ओळीत आणखी वीस घागरी लागल्या.

मग एकीनं पुढच्या हंड्यावरचं झाकण उचललं.

“आगं, भरलाय की ह्यो.”

दुसरी, तिसरी, सगळीच भरलेली निघाली. सरजाबाईंचा आवाज बदलला. “म्हंजे टँकर यिऊन गेला? आन फकस्त तुमच्याच दारात?”

“अहो, मंगळवारच्या नळाचं पाणी हाय ते.”

“मंगळवारचं पाणी आज गल्लीत कशाला हवा खायलंय?”

पार्वतीबाईंनी एक कळशी आत न्यायला उचलली, तर “बघा, लपवायले,” असा गलका झाला. त्यांनी ती गुपचूप खाली ठेवली. ऊन डोक्यावर आलं. भिंतीची सावली आखडून भिंतीलाच चिकटली. ओळीच्या अगदी शेवटी लक्ष्मम्मा म्हातारी रिकामी घागर मांडीवर घेऊन मातीतच बसली होती. देगलूरकडची, एकटी राहणारी. तिला टँकर, मोटार काहीच कळलं नव्हतं. चार बायका उभ्या दिसल्या, म्हणून ती येऊन बसली होती.

पार्वतीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. हिला उन्हात बसवलं, ते माझ्या घागरींनी. त्यांनी देवाच्या पाण्याची घागर उचलली.

“या बायांनो, ओळीनं एकेक कळशी घ्या.”

“आन टँकर?” सरजाबाईंनी विचारलं.

“न्हवताच, सरजाक्का. सकाळधरनं तेच सांगायले मी.”

सरजाबाई आपल्या घागरीत बघत म्हणाल्या, “लई हळू सांगितलंत वो.”

काहीजणी ओशाळून रिकाम्याच परतल्या, काहींनी अर्धी अर्धी कळशी घेतली. ज्यांच्या घरी लेकरं होती, त्यांनी पुरी घेतली. सतरा भांडी संपली तेव्हा लक्ष्मम्मा तेवढी उरली होती.

“अम्मा, घागर ठेवून जा,” पार्वतीबाई म्हणाल्या. “दिवस मावळायच्या आत भरून देते.”

मान वर केली, तर समोर टांगा उभा. टांग्याजवळ इंदू, आणि कमरेवर हात ठेवून पंचफुलाबाई. त्या कधी आल्या, काय काय पाहिलं, कुणास ठाऊक.

पंचफुलाबाई थेट न्हाणीशी गेल्या. निजामोद्दीननं बटन दाबलं. दिवा लागला. स्वच्छ पुसलेली, लख्ख उजळलेली न्हाणी. आत एक थेंब पाणी नव्हतं.

“पाणी?” पंचफुलाबाईंनी विचारलं.

“न्हाई.”

“न्हाई म्हंजे?”

“वाटलं.”

“आमच्या सुनंचं पाणी गल्लीला वाटलंत तुमी.”

“व्हय. चुकलं माझं.”

इंदूनं आईच्या पदराचं टोक घट्ट धरलं. निजामोद्दीन उगाच टेस्टर पुसत राहिला. पंचफुलाबाईंनी एकदा दिव्याकडे पाहिलं, एकदा कोरड्या फरशीकडे.

“पोरीला आत घ्या. उन्हातनं आलीय.”

“म्हंजे ठेवता, इहीणबाई?”

“मी दिव्याचं बोलले व्हते. दिवा हाय.”

पार्वतीबाईंनी लेकीला बाजेवर बसवलं, घडीभर तिचा हात हातात धरला. मग लक्ष्मम्माची घागर आठवून त्या लगबगीनं दाराशी आल्या. घागर जागेवर नव्हती.

गल्लीत पंचफुलाबाई उभ्या होत्या. प्रवासाचं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, कमरेवर म्हातारीची घागर. हळू आवाजात त्या सरजाबाईंना विचारत होत्या, “बाई, हापसा कुणीकडं हाय?”

सरजाबाईंनी गिरणीमागं बोट दाखवलं. पंचफुलाबाई तिकडे चालू लागल्या.