दर्शनी गरज

तंबू क्रमांक एकशे चौदामधील वृद्धा थंडीने खोकते, सबब तिला शेगडी मिळावी, असा रीतसर अर्ज तिच्या मुलाने केला होता. मुलगा पंचावन्न वर्षांचा, धंद्याने शिंपी. लढाईत गाव गेलं, दुकान गेलं. आई आणि हातातली कला तेवढी राहिली. निर्वासितांच्या त्या छावणीत सगळे त्याला मास्तर म्हणत. शेगड्या गोदामात रचून ठेवल्या होत्या, थंडी बाहेर मोकळी हिंडत होती, आणि दोघींची गाठ पडायला फक्त एका पाहणीची गरज होती.

पाहणीला आंतरराष्ट्रीय मदत संस्थेच्या बाई आल्या. बाई मनाने फार चांगल्या. त्यांनी म्हातारीच्या पाठीवरून हात फिरवला, खोकला शेवटपर्यंत ऐकून घेतला, आणि फॉर्म उघडला तर त्यात खोकल्याला रकानाच नव्हता. रकाना होता 'दर्शनी गरज' असा. म्हणजे माणूस बघताक्षणी किती गरजू वाटतो, त्याला दहापैकी गुण. सहा पडले की शेगडी. आता म्हातारीच्या अंगावरचा कोट मास्तरांनी तीन फाटक्या कोटांतून असा काही बेतला होता, की जोड शोधून सापडू नये. बाईंनी जड मनाने दोन गुण दिले.

मास्तरांनी विचारलं, "बाई, थंडी कोटाला वाजते की आईला?"

प्रश्न रास्त आहे, असं बाई म्हणाल्या. तो तीन प्रतींत मुख्य कार्यालयाकडे पाठवता येईल, उन्हाळ्यापर्यंत उत्तर नक्की येईल.

बरं, हे एवढ्यावर थांबतं तर कशाला? गेल्या दोन महिन्यांत मास्तरांनी अख्ख्या छावणीचे कपडे रफू करून दिले होते. हौस म्हणा, खोड म्हणा. त्यापायी छावणीची सरासरी दर्शनी गरज घसरली ती तिनावर आली. 'परिस्थितीत लक्षणीय सुधारणा' असा अहवाल गेला आणि गोदामातल्या शेगड्या परत पाठवायच्या हालचाली सुरू झाल्या. काल मास्तरांना दुवा देणारे आज तोंड फिरवून जाऊ लागले. शेजारचा सुतार तर तंबूत येऊन ऐकवून गेला, की माझी दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली चांगली विजार होती, तिचं तुम्ही वाटोळं केलंत.

शेवटी बाईंनीच तोडगा काढला. 'पूर्वस्थिती समन्वयक' असं एक पद निर्माण झालं आणि त्यावर मास्तरांची नेमणूक झाली. काम एकच, शिवलेलं उसवायचं. फेरपाहणीला आठ दिवस होते. मास्तर हिरिरीने लागले, पण तीस वर्षांची सवय, मेला हात वाकडा जाईल तर शपथ! आईच्या कोटाची बाही त्यांनी उसवली तीही अशी सरळ, की नवी फॅशन वाटावी. फेरपाहणीत बाईंनी शेरा मारला, 'फाटणे नियोजनबद्ध दिसते.' गुण तीन.

म्हातारी इतके दिवस खोकत खोकत हे बघत होती. ती उठली आणि म्हणाली, "तुझ्याच्यानं नाही व्हायचं बाबा. आण इकडे."

तिने कोटावर पाय दिला आणि दोन्ही हातांनी टरकन ओढला. खिसा गेला, अस्तर लोंबायला लागलं. मास्तरांना रडू कोसळलं. एवढं मन लावून त्यांनी आयुष्यात दुसरं काही शिवलं नव्हतं. म्हातारीने त्या चिंध्या अंगात घातल्या, आणि बाईंनी डोळे पुसत नऊ गुण दिले.

आता शेगडी मिळायला काहीच हरकत नव्हती. पण नऊ गुणांची फाइल प्रसिद्धी विभागाकडे जाते, असा नियम निघाला. म्हातारीचा फोटो शेगड्यांच्या मोहिमेसाठी निवडला गेला, आणि मोहीम संपेपर्यंत तिला शेगडी देऊ नये असं ठरलं. कारण ऊब मिळाली की चेहरा पाचावर येतो, असा संस्थेचा अनुभव होता.

फोटो देशोदेशी छापला गेला. तुमच्याकडेही आला होता. चहा पिता पिता तुम्ही हळहळलात, अगदी मनापासून. खोटं कशाला बोला? मग म्हणालात, गरिबी समजू शकते हो, पण दोन टाके घालायला काय होतं या लोकांना? सगळं आयतं हवं.

संस्थेने तुमच्या भावनांची तातडीने दखल घेतली. शेगड्यांची मोहीम रद्द झाली आणि सुई-दोऱ्याच्या चार हजार पेट्या आल्या. सोबत स्वावलंबनाचा तीन दिवसांचा वर्ग, हजेरी सक्तीची. पहिला धडा सुईत दोरा कसा ओवावा याचा. मास्तर पुढच्या रांगेत बसले. त्यांना उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं.

शेवटच्या दिवशी सगळ्यांनी तुम्हाला आभाराचं पत्र लिहायचं होतं. मजकूर फळ्यावर होता. मास्तरांनी तो उतरवला आणि खाली आपली एक ओळ घातली, 'आई अजून खोकते आहे, शेगडी पाठवा.' ओळ विषयाला सोडून आहे, असं म्हणून बाईंनी ती खोडायला लावली आणि पत्र पुन्हा स्वच्छ लिहून घेतलं.

तुमच्या हाती आलं ते हेच पत्र. तुम्ही ते घरात सगळ्यांना दाखवलंत आणि म्हणालात, बघा, नुसतं देत बसण्यापेक्षा शिकवलं की माणसं कशी सुधारतात.