आर्विडने काढलेली सीट

अमेरिकेतल्या डुलुथ बंदरावरच्या आर्विड हॉगनचं म्हणणं होतं की गाडीची मागची सीट काढून परत बसवणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम. तेही मध्ये कॉफी घेतली तर!

"मेकॅनिककडे ने," मार्लिस म्हणाली. ती त्याची बायको. अडतीस वर्षांच्या अनुभवाने बोलत होती.

"एका सीटसाठी मेकॅनिक? अगं, डुलुथच्या गोदीत आख्खं आयुष्य क्रेन चालवली मी! जहाजं भरलीत, जहाजं!"

"भरलीस. खोलून परत जोडली नाहीस."

काम मात्र निकडीचं होतं. गेल्या आठवड्यात तळ्यावर जाताना गळाला लावायच्या जिवंत मासळ्यांची बादली मागच्या सीटवर उपडी झाली होती. तेव्हापासून गाडीत असा काही वास सुटला होता, की सिग्नलला शेजारच्या गाड्यांच्या काचा भराभर वर जायच्या! आणि आज दुपारी चारला मार्लिसची आई, इनगाबाई, बसने येणार होत्या. त्या नेहमी मागेच बसत. जावयाचं ड्रायव्हिंग त्यांना समोरून बघवत नसे.

सीट निघाली झकास. पुढची कड धरून आर्विडने हिसका दिला आणि फटाक! सीट हातात! खालच्या चार वाळक्या मासळ्या टाकून त्याने ती साबणाने खसाखसा धुतली. अंगणात मेपलच्या झाडाची गच्च सावली. ऊन काय ते रस्त्याच्या कडेला. तिथे सीट वाळत ठेवून तो सँडविच खायला आत गेला. खाता खाता एक डुलकीही झाली.

बाहेर येऊन बघतो तो सीट गायब!

"मार्लिस! चोरी! पोलिसांना बोलव!"

"ठेवली कुठे होतीस?"

"कडेला. उन्हात."

मार्लिसने कपाळाला हात लावला. "अरे शहाण्या, रस्त्याच्या कडेला ठेवलं म्हणजे फुकट घेऊन जा! आपलं जेवणाचं टेबल कुठून आलं मग?"

आर्विड गल्लोगल्ली धावला. तिसऱ्या गल्लीत पेल्टोला आजी व्हरांड्यात भिंतीला टेकून मोजा विणत बसल्या होत्या. बुडाखाली त्याचीच सीट!

"आजी, ही माझ्या गाडीची सीट आहे."

"होती," आजी सुया न थांबवता म्हणाल्या. "वीस वर्षांत पहिल्यांदा कंबर दुखायची थांबलीय. मी काही उठत नाही."

"थोडा वास येत असेल ना?" आर्विडने मोठ्या आशेने विचारलं.

"साबणाचा येतो. छान येतो!"

तो हात जोडायचाच काय तो बाकी राहिला. शेवटी तडजोड झाली. तळघरातली आरामखुर्ची, जिच्यात टीव्हीसमोर त्याने सतरा हिवाळे काढले होते, ती आजींकडे गेली. मार्लिसने तिचं एक टोक इतक्या उत्साहाने उचललं, की आर्विडला संशयच आला. ती खुर्ची काढून टाक म्हणून ती लग्नाच्या पंचविशीपासून मागे लागली होती!

साडेतीनला आर्विडने गुडघ्याने दाबून सीट बसवली. खट्!

"बघ!"

"बघते. पट्टे अडकवायच्या खाचा कुठायत?"

त्या सीटखाली गेल्या होत्या. सीट परत काढली. दुसऱ्यांदा एक वर आली, दोन खाली राहिल्या. तिसऱ्यांदा तिन्ही वर आल्या, पण त्याचा चष्मा खाली राहिला! चौथ्यांदा सगळं जमलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. ओव्हनमध्ये मांस भाजायला लावलेलं, म्हणून मार्लिस घरीच थांबली.

स्टँडवर इनगाबाई काकडीच्या लोणच्याची भलीमोठी बरणी कवटाळून उभ्या होत्या.

आर्विडने ऐटीत मागचं दार उघडलं.

"मी पुढे बसते," त्या म्हणाल्या.

"पण तुम्ही तर नेहमी..."

"मागून ओरडलेलं तुला हल्ली ऐकू येत नाही. पुढे बसलं की ढुसणी तरी मारता येते! ही बरणी ठेव मागे. आणि पट्टा लाव हो तिला."

आर्विडने निमूटपणे पट्टा लावला. घरापर्यंत लोणचं मागे एकटंच ऐसपैस बसून आलं, आणि आर्विडच्या उजव्या बरगडीत सात ढुसण्या बसल्या.