दुखण्याचे आठ मार्क

गुडघा बदलून सात आठवडे झाले, तेव्हा गुंडेराव गुरुजींच्या लक्षात आलं की आपल्याला आता काहीच दुखत नाही. ही गोष्ट ते बायकोला सांगणार, तोच राजेश्वरहून त्यांचा जुना विद्यार्थी काशप्पा दोन बस बदलून, बिस्किटाचे पुडे घेऊन त्यांना बघायला बीदरकडच्या मेहकरात हजर झाला. एवढ्या लांबून आलेल्या माणसाला 'मी ठणठणीत आहे' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? गुरुजींनी पायजमा वर केला, टाक्यांची खूण दाखवली आणि हळूच कण्हले.

"लई दुखायलंय का गुरुजी?"

"इचारू नको."

काशप्पाला आल्याचं सार्थक वाटलं. इंदिराबाई चहा करायला उठल्या.

दुसऱ्या दिवशी पाचजण आले, तिसऱ्या दिवशी आठ. गुरुजींची खाट ओसरीवर आणि स्वयंपाकघर तीन पायऱ्या खाली. इंदिराबाई कपबशा घेऊन चढायच्या, उतरायच्या, कधी मधेच पायरीवर बसायच्या.

"कामून बसलीस गं?"

"काई न्हाई, दम खायलेय."

गुरुजींना ते पटायचं. पटवून घेणं सोयीचंही होतं.

दर सोमवारी बीदरच्या दवाखान्यातून ज्योत्स्ना नावाच्या मुलीचा फोन यायचा. पेशंट किती समाधानी आहे, हे ती लिहून घ्यायची.

"काका, दुखणं दहापैकी किती?"

तीस वर्षांच्या मास्तरकीत गुरुजींनी कुणाला दहापैकी आठ दिले नव्हते. पण समोर शेजारचा सिद्धप्पा कान देऊन बसला होता.

"आठ."

"पायऱ्या चढता येतात?"

"कुठल्या!"

"घरकामात मदत करता?"

"न्हाई बाई." हे उत्तर तेवढं खरं होतं, आणि ऑपरेशनच्या कितीतरी आधीपासून खरं होतं.

असे चार सोमवार गेले. चारदा आठ ऐकून डॉक्टर घाबरले आणि त्यांनी गुरुजींना बोलावून घेतलं. इंदिराबाईंचा जीव थाऱ्यावर राहिला नाही. "मी बी येते," म्हणाल्या.

दवाखान्यात नेमकी लिफ्ट बंद होती. आता डॉक्टरांना काय थाप मारायची, या विचारात गुरुजी दोन जिने सरसर चढून गेले. वर पोचल्यावर त्यांना काठीची आठवण झाली. काठी खाली, इंदिराबाईंच्या हातात होती, आणि इंदिराबाई चौथ्याच पायरीवर दोन्ही गुडघे धरून बसल्या होत्या.

खालून चाकाची खुर्ची घेऊन आलेल्या नर्सनं वर उभ्या गुरुजींकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"पेशंट ह्याच ना? बसा अक्का."

डॉक्टरांनी दोघांच्याही गुडघ्यांचे एक्स-रे काढले. गुरुजींचा गुडघा उत्तम होता. इंदिराबाईंचे दोन्ही पार झिजले होते.

"कधीपासून दुखतंय?"

"दोन वर्सं झाली की. म्हनलं, ह्यांचं आदी होऊ द्या."

गुरुजी गणिताचे मास्तर. चार आठवडे, रोजचे पाहुणे, प्रत्येक चहाला तीन पायऱ्या वर, तीन खाली. त्यांनी मनातल्या मनात गुणाकार मांडला आणि अर्ध्यातच सोडून दिला. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली. खोटं बोलल्याची कमी, न विचारल्याची जास्त.

इंदिराबाईंना ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्याची मिळाली आणि ज्योत्स्नाच्या यादीत त्यांचंही नाव चढलं. सोमवारी फोन वाजला, तेव्हा ओसरीवरच्या खाटेवर त्या होत्या आणि खाली गुरुजींचा चहा दुसऱ्यांदा उतू जात होता.

"दोन लिव्ह बाई," इंदिराबाई सांगत होत्या. "तसं काई लई न्हाई."

गुरुजी गॅस बंद करून तीन पायऱ्या चढून आले. त्यांनी फोन हातात घेतला.

"आठ लिही."

"काका, तुमचे?"

"माझा शून्य. त्या चार सोमवारचे आठ बी हिच्याच नावावर लाव. ते हिचेच होते."

 इंदिराबाई नवऱ्यासमोर, दोन वर्षांत पहिल्यांदाच, उघडपणे गुडघा दाबत बसल्या.