गुडघा किती?

आमच्या मजल्यावरचे साळवेकाका लहान मुलाला नाव विचारत नाहीत, इयत्ता विचारत नाहीत. सरळ विचारतात, "गुडघा किती?" समोरच्याला काही कळत नाही. मग काका शर्टाच्या खिशातून टेप काढतात, उकिडवे बसतात आणि पोराच्या टाचेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत माप घेतात. पोरं गुदगुल्या झाल्या म्हणून हसतात. आया पोराला मागे ओढतात. मीही ओढलं होतं.

विक्रोळीतल्या एका कारखान्यात काकांनी तपासणी खात्यात सगळी नोकरी काढली. दुसऱ्याने बनवलेला माल हातात घ्यायचा, मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं. रिटायर झाले तरी सवय काही गेली नाही. आमच्या बिल्डिंगच्या जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच आहे, हे त्यांनी सेक्रेटरीला लेखी दिलंय. सेक्रेटरी म्हणाला, "काका, एवढी वर्षं कोणी पडलं का?" काका म्हणाले, "पडायची वाट बघायची नसते, त्यालाच तपासणी म्हणतात."

मूळचे बुलढाण्याकडचे. काकू जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा नितीन पुण्याला, त्याला एक मुलगी, ईरा. रविवारी सकाळी काकांची बुद्धवंदना आटोपते न आटोपते तोच नितीनचा फोन येतो. भिंत पातळ, सगळं ऐकू येतं. "हो, जेवतो. हो, गोळी घेतली. ईराचा गुडघा किती? बरं, राहू दे." संपला फोन.

आता मूळ गोष्ट. माझी रेवा साडेपाच वर्षांची असताना तिने चित्र काढलं, दोन त्रिकोण आणि मध्ये सूर्य. मग खिडकीतून पवईच्या बाजूला बघत म्हणाली, "आई, तो डोंगर आहे का?" तिथे आता टॉवर उभे आहेत. मी म्हटलं, "होता." तिला ते आवडलं नाही. तिला खरा डोंगर चढायचा होता, आणि तिने तो धोशाच लावला. शेवटी मी वैतागून म्हटलं, चल, अंधेरीच्या माझ्या ऑफिसातला ग्रुप कर्जतच्या एका किल्ल्यावर चाललाय, त्यांच्याबरोबर नेते तुला.

हे बोलणं जिन्यात चाललं होतं. काका दूध घेऊन वर येत होते. त्यांनी किल्ल्याचं नाव विचारलं, मी सांगितलं. काका पिशवी हातात धरून उभेच राहिले.

"तो नाही," ते म्हणाले.

"का हो? लहान मुलं जातात की तिथे."

"तो नाही, वर्षा. मी देतो तपासून. मग ने."

मला वाटलं, म्हातारा आठ दिवसांत विसरेल. कसला विसरतोय. दुसऱ्याच दिवशी येऊन रेवाचं माप घेऊन गेले, आणि संध्याकाळी एक बांबूची काठी घेऊन हजर. काठीला रंगाचे दोन पट्टे. खालचा हिरवा, रेवाच्या गुडघ्याएवढा. वरचा लाल, तिच्या कमरेएवढा. म्हणाले, "हे गेज. पायरी हिरव्याच्या आत, पोरगी स्वतः चढणार. हिरव्या-लालच्या मध्ये, हात द्यायचा. लालच्या वर एक जरी पायरी निघाली, तर आख्खा डोंगर नापास."

तेव्हापासून दर रविवारी, फोन झाला की, काका काठी घेऊन बाहेर पडायचे आणि संध्याकाळी आमच्या दारात उभं राहून निकाल सांगायचे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी नापास. "तो डोंगर नाही, जिना आहे. आपल्याकडे जिना आहे, तो पण चुकीचा." कान्हेरीला पायऱ्या पास, माकडं नापास. "पोरीच्या हातात बिस्कीट असणार. माकडाला गेज लागत नाही." कर्नाळ्याला पायथा पास, वाट पास, पण शेवटी तो सुळका. वरपर्यंत कोणी जात नाही. "पोरगी एवढी चढणार आणि पुढे जायचं नाही म्हणून सांगणार? हे शिकायला डोंगर कशाला, हे घरी पण शिकतंच माणूस."

सगळं एका वहीत. तारीख, डोंगर, सर्वात उंच पायरी, सावली, सुट्या मातीचा घसारा, शेरा. उतरणीला वेगळा रकाना. "चढतं कोणीही. उतरताना पाय पुढचं बघतो," काका म्हणायचे. वहीच्या पहिल्याच पानावर नुसतं 'तो' असं लिहिलेलं होतं, आणि खाली सगळे रकाने कोरे. मी विचारलं तर काकांनी पान उलटलं.

माझीही तपासणी झाली. पाठीवर सॅक देऊन मला चार मजले चढायला लावले आणि वर पोचल्यावर म्हणाले, "आता रेवाला गोष्ट सांग." मला बोलताच येईना. "आई धापा टाकते तिथे पोर घाबरतं. नापास." मला राग आला. पण महिनाभर मी गपचूप जिने चढले, हे खरं.

असा उन्हाळा गेला. पावसाळ्यात तपासणी बंद, दगड निसरडे. दिवाळी झाल्यावर काकांनी परत टेप काढला आणि रेवाचा गुडघा मोजून एकदम चिडले.

"ही पाऊण इंच वाढली. मला कोणी सांगितलं का नाही?"

"काका, पोरं वाढतात."

"अगं, मापच बदललं. आता सगळे डोंगर परत बघावे लागणार."

तिथे माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काका, बस झालं. तुमचं मन भरेपर्यंत ही दहावीला जाईल. तिला डोंगर हवाय, तुमचं सर्टिफिकेट नको. पुढच्या महिन्यात ऑफिसची मंडळी परत जातायत, मी नेतेय."

मला वाटलं होतं, काका नेहमीचं म्हणतील, "डोंगर काय पळून चालला का?" पण त्यांनी काठी उचलली आणि गेले. दार लावताना आवाजसुद्धा केला नाही. रात्रभर मनाला टोचत राहिलं. एवढ्या मायेने कोण करतं कोणाच्या पोरीसाठी, आणि मी काय बोलून बसले.

तिसऱ्या रविवारी दारावर टकटक झाली. "एक सापडलाय," काका म्हणाले. "वांगणीच्या पुढे. टेकडीच आहे, नाव पण नाही. पास करतो. शेरा नाही." शेऱ्याशिवाय काकांनी आयुष्यात दुसरं काही पास केलं असेल असं मला वाटत नाही.

जानेवारीत आम्ही तिघं गेलो. काका पुढे, काठी प्रत्येक पायरीला टेकवत. रेवा मध्ये, मी मागे. रेवा तासाभरात वर पोचली. वर काही नव्हतं. करवंदीच्या जाळ्या, एक शेंदूर लावलेला दगड आणि वारा. तिने चारी बाजूंना बघितलं आणि विचारलं, "संपला?" काका म्हणाले, "संपला. तू संपवलास." इतकी खूश झाली पोरगी की डब्यातला लाडू तिने दगडापुढे ठेवला.

खरी गंमत उतरताना झाली. अर्ध्या वाटेवर एका दगडी टप्प्याशी रेवा थांबली. खाली बघितलं आणि जी बसली ती हलेना. "मी नाही येणार." काकांनी काठी लावली. टप्पा हिरव्याच्या दोन बोटं खाली. वर जाताना हाच टप्पा ती उड्या मारत चढली होती.

"अगं, एवढासा तर आहे. चल, ऊन वाढतंय, नाटकं नकोत," मी म्हटलं. तिने बाजूचं गवत मुठीत घट्ट धरलं.

काकांनी माझ्याकडे न बघता हात वर केला. मग काठी खाली ठेवली आणि चार पावलं खाली जाऊन चक्क मातीत बसले.

"बस गं, रेवा," ते म्हणाले. "मला पण बसायचंय."

"काका, पायरी तर पास आहे ना?" मी हळूच विचारलं.

"पास आहे. तिला अजून पटलेली नाही."

मीही खाली उतरून काकांजवळ बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वर रेवा गवताच्या काड्या मोडत होती. काका तिच्याकडे नाही, समोर बघत बोलायला लागले, माझ्यापुरतं.

"नितीन पाच वर्षांचा होता. शिफ्टमधल्या दोस्तांबरोबर त्या किल्ल्यावर गेलो, तू नाव घेतलंस ना, त्याच. वर चढवला त्याला, सगळे धरून होते. उतरताना एका पायरीवर असाच बसला. दोस्त हसले. म्हणाले, साळव्याचं पोरगं भित्रं. मी त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. बखोटीला धरून खाली आणला. वाटेत तो रडला नाही. काहीच बोलला नाही. पुढच्या वर्षी मी एकटा परत गेलो. ती पायरी मोजली. त्याच्या छातीएवढी होती, वर्षा. दिवसभर कारखान्यात सुताएवढा फरक पकडायचो मी."

काकांनी पायाजवळचा एक खडा उचलून बाजूला ठेवला.

"बोलतो तो माझ्याशी. सगळं नीट करतो, औषधपाणी विचारतो. पण तेव्हापासून माझ्याकडे कधी काही मागितलं नाही त्याने. सायकल पण आईकडून मागायचा."

अर्ध्या तासाने वरून आवाज आला, "काका, मी येऊ?" काका म्हणाले, "तुला वाटलं तर." रेवा उलटी वळली, पोटावर टेकली, पाय सोडला, दगड चाचपला आणि उतरली. मग टाळ्या वाजवून घेतल्या स्वतःच.

पायथ्याला चहाच्या टपरीवर काकांनी आपला फोन माझ्या हातात दिला. "टाइप कर. नितीनला. रिपोर्ट आहे." आणि खात्यात सांगत असतील तशा आवाजात सांगायला लागले. मी लिहीत गेले.

"तपासणी अहवाल. ठिकाण, कर्जतचा किल्ला. मुलाचं वय पाच. पायरी मुलाच्या छातीएवढी. न तपासता पास केली. दोष मुलाचा नव्हता. तपासणाऱ्याचा होता. सही, अंकुश साळवे."

"काका, माफ कर असं लिहू?"

"रिपोर्टात तसा रकाना नसतो." चहा संपवला, ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "शेऱ्यात लिही."

लिहिलं. पाठवलं. घरी पोचेपर्यंत नितीनने वाचल्याची खूण दिसत होती, उत्तर नव्हतं. पुढच्या रविवारी भिंतीपलीकडे फोनही वाजला नाही. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी होते, खोटं का सांगू. वाटलं, झालं, होतं तेवढंही गेलं, आणि टाइप केलं मी.

बुधवारी संध्याकाळी काका दारात आले. "वाच जरा. चष्मा सापडत नाही." चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी फोन घेतला. नितीनचा एका ओळीचा मेसेज होता.

"बाबा, ईराचा गुडघा साडेअकरा इंच. दोनदा मोजला."

मी मोठ्याने वाचलं. काका म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. त्यांनी मान डोलावली, डोळे पुसले, आणि मग रेवाला हाक मारून विचारलं की तुझ्या रंगाच्या पेटीत हिरवा उरलाय का.