सरकटे बाबू आणि बिनकारणाचा नकार

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी आहे. एकदा तिच्या दारावर खडूने लिहिलेलं दिसलं, 'आज गिरणी बंद आहे.' लोक डबे घेऊन आले, वाचलं आणि परत गेले. सरकटे बाबू मात्र घरून खडू घेऊन आले आणि त्या ओळीखाली टपोऱ्या अक्षरात एकच शब्द लिहून गेले, 'कारण?' दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने त्याखाली उत्तर लिहिलं, 'सासू वारली.' बाबूंनी ते वाचलं, डबा घरी ठेवला, डोक्यावर टोपी चढवली आणि गिरणीवाल्याच्या घरी जाऊन तासभर बसून आले.

"पाह्यलं सर?" परतताना ते मला म्हणाले. "त्यानं कारण लिहिलं म्हणून मले जाता आलं. नाही तं मी त्याले आळशी म्हणून मोकळा झालो असतो."

बाबू तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. नोकरीतून सुटून सात-आठ वर्षं झाली, पण लोणारात त्यांना अजून बाबूच म्हणतात. त्यांच्या टेबलावरून नामंजूर अर्ज परत गेला, तर त्याला दोन ओळींचं कारण जोडलेलं असायचंच, आणि बहुतेक वेळा तिसरी ओळही, की काय दुरुस्त करून पुन्हा आणावं. बीबी गावाकडच्या एका म्हातारीचा अर्ज त्यांनी तीनदा परत केला होता. चौथ्यांदा मंजूर झाला तेव्हा ती शेवग्याच्या शेंगा घेऊन आली आणि म्हणाली, "बाबू नाही म्हणते, पण रस्ता दाखवून नाही म्हणते."

हीच सवय घरात आणि गावात. वर्षासाठी, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक मुलीसाठी, एका ठिकाणाहून नकार आला तेव्हा त्यांनी मुलाच्या वडिलांना पोस्टकार्ड टाकलं, 'तक्रार नाही, फक्त कारण लेखी कळवावे.' त्या गृहस्थांनी बिचाऱ्यांनी कळवलं, की मुलीपेक्षा आमचा मुलगा दोन बोटं बुटका दिसतो. बाबू खूश. "पटो न पटो, कारण भेटलं पाह्यजे. मंग माणूस रात्री झोपते."

पुढे वर्षाचं लग्न झालं आणि ती जावयाबरोबर परदेशी गेली. कोणत्या देशात ते मी लिहीत नाही. जे झालं त्यानंतर बाबूंनी त्या देशाचं नाव घेणं सोडलं. ते 'तिकडे' म्हणतात, म्हणून मीही 'तिकडे'च म्हणतो.

तिकडे वर्षाचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. ते सांगायला तिने फोन केला तेव्हा काकू, म्हणजे बाबूंची बायको, इथे ओसरीत गहू निवडत बसल्या होत्या. त्या नुसत्या "हूं, हूं" करत राहिल्या आणि फोन ठेवल्यावर त्यांनी निवडलेले आणि न निवडलेले गहू एकत्र करून टाकले. दुसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हा ठरलं, की या वेळी आईबाप दोघांनी जायचं.

मी शाळेत इंग्रजी शिकवतो, त्यामुळे व्हिसाचे अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. मुलाखतीची तयारीही मीच घेतली. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला गज आहेत. मी आत उभा राहून साहेब व्हायचो आणि ते दोघं बाहेर अंगणात. काकूंना काहीही विचारलं तरी उत्तर एकच असे, "लेकीचं बाळंतपण." बाबूंचं उलट होतं. प्रवासाचा उद्देश विचारला की ते वर्षाच्या जन्मापासून सुरू करत. त्यांना दुभाषा नको होता, इंग्रजीतच बोलायचं होतं.

"बाबू, साहेबाला एवढंच पाहायचं असतं की तुम्ही परत याल की नाही," मी शिकवायचो. "तो विचारेल, परत कशासाठी येणार? तुम्ही म्हणायचं, हाऊस, पेन्शन, टू एकर लँड."

"हाऊस, पेन्शन, टू एकर लँड," बाबू गजांपलीकडून म्हणायचे. शेवटी शेवटी त्यांना ते पाढ्यासारखं येऊ लागलं.

मुलाखत देऊन मुंबईहून ते दोघं परतले, त्या दिवशी मी बसस्टँडवर गेलो होतो. आधी काकू उतरल्या. मुलीने पाठवलेले पांढरे बूट पायात होते आणि चेहरा असा की काही चोरून आणलं आहे. मागून बाबू उतरले. त्यांनी खिशातून एक कागद काढून माझ्या हातात दिला.

"हिचा झाला. माहा नाही झाला."

कागदावर चार छापील ओळी होत्या. या वेळी आपण पात्र ठरत नाही, पुन्हा केव्हाही अर्ज करू शकता, धन्यवाद. मी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"म्या बी पाह्यलं मागून," बाबू म्हणाले. "कायीच नाही लिहेल. पुन्हा करा म्हणते, पण काय सुधरू हे सांगत नाही. आपल्या कचेरीत असा कागद निघता तं मी सही नसती केली."

काकू म्हणाल्या, "मंग मीबी नाही जात."

त्यावर बाबू भर स्टँडवर त्यांना रागावले. मी त्यांना काकूंवर आवाज चढवताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "तिचं एक गेलं तेव्हा कोण होतं तिच्याजवळ? तू जाशील." विषय तिथेच संपला. महिनाभरात काकू गेल्या.

मग कारणाचा शोध सुरू झाला. बाबूंनी तिकडच्या कार्यालयाला 'सविनय' पत्र लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर म्हणून त्याच चार ओळी पुन्हा आल्या. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकू म्हणाले. मी सांगितलं, की आपला कायदा दुसऱ्या देशाला लागू होत नाही. "काऊन नाही होत?" त्यांनी विचारलं.

गावाने मात्र कारणांचा ढीग घातला. कंपाउंडर म्हणाला, फोटोत कान दिसत नाहीत. एका वकिलांच्या मते, बाबूंच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टात आणि सातबाऱ्यावर जुळत नव्हतं. कोणी म्हणालं, कोट घालायला नको होता, कोट घातलेला माणूस परत येत नाही असं त्यांना वाटतं. मी मनातल्या मनात रोज माझाच भरलेला अर्ज तपासत होतो. एखादी तारीख चुकली असेल, एखादी खूण भलत्या चौकोनात पडली असेल, तर या माणसाला मीच इथे अडकवलं, हा विचार काही जात नव्हता.

संग्रामपूरला एक निवृत्त मास्तर आहेत, त्यांना दोनदा नकार येऊन तिसऱ्यांदा व्हिसा मिळाला, असं कळलं. बाबू तीन बसगाड्या बदलून तिथे गेले. मास्तरांनी चहा पाजला. बाबूंनी वही उघडून विचारलं, तिसऱ्या वेळी तुम्ही काय बदललं? मास्तर बराच वेळ आठवत बसले.

"कायीच नाही," ते म्हणाले. "शर्टबी तोच होता."

जिल्ह्याच्या गावी असली कामं करणारा एक सल्लागार होता. तो म्हणाला, तुमच्या परिस्थितीत काही बदल झाल्याशिवाय पुन्हा अर्ज करू नका. बाबू परत येऊन माझ्या ओट्यावर बसले आणि बदल मोजू लागले. "दोन दात पडले. मोतीबिंदू काढला. बायको गेली." मग घाईने म्हणाले, "म्हणजे तिकडे."

पण खरा बदल आम्ही पाहत होतो. तिकडे बाळ दीड महिना आधीच झालं, नातू, मूठभर. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि वर्षाचंही अंथरूण सुटत नव्हतं. काकू एकट्या सगळं पाहत होत्या. इकडे बाबू सकाळी एकदाच भाकरी थापत आणि संध्याकाळी तीच खात. दाढी वाढली. गिरणी एकदा दोन दिवस बंद राहिली. ते दारापर्यंत गेले, वाचलं आणि मान खाली घालून परत आले. मी माझ्या बायकोला म्हणालो, बाबूंचं काही खरं नाही.

म्हणून मीच पुढाकार घेतला. नवा अर्ज भरायला बसलो. निम्म्यावर आलो आणि थांबलो. तिथे विचारलं होतं, 'यापूर्वी आपणास व्हिसा नाकारला गेला आहे काय? असल्यास कारण स्पष्ट करा.'

मी ते बाबूंना मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे त्याईनं नाही सांगितलं, अन् मी सांगू?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. नोकरीत असताना त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांवर कारणं लिहिली होती, पण या एका रकान्यासाठी त्यांनी आठ दिवस घेतले. रोज एक मसुदा आणायचे. कधी तो पानभर असायचा, कधी एकच ओळ, आणि मी वाचायच्या आधीच माझ्या हातातून परत घ्यायचे. मला ते विचित्र वाटलं. कारण माहीत नसलेला माणूस इतकं काय खोडतो? शेवटी त्यांनी लिहून दिलं, 'कारण कळवण्यात आले नाही.' मी ते इंग्रजीत टाकलं.

या वेळी मी मुंबईला सोबत गेलो. व्हिसाच्या कार्यालयात अर्जदाराशिवाय कोणाला सोडत नाहीत आणि मोबाइलही नेऊ देत नाहीत, म्हणून त्यांचा फोन हातात धरून मी समोरच्या फुटपाथवर बदामाच्या झाडाखाली उभा राहिलो. दुपारचं ऊन होतं. कागद छातीशी धरून लोक आत जात होते, आणि बाहेर येणाऱ्यांच्या चालीवरूनच निकाल कळत होता.

बाबू बाहेर आले. नेहमीसारखेच चालत होते. माझ्याजवळ येऊन त्यांनी तोच कागद दिला, त्याच चार ओळी.

"काय विचारलं?"

"दुसरा साहेब होता. परत कायले येणार म्हणे. मी सांगितलं, हाऊस, पेन्शन, टू एकर लँड. एकदाबी अडखळलो नाही. दोन मिनिटं नाही झाले." ते झाडाच्या कठड्यावर बसले. "सर, मंग ते कारण नव्हतंच तं."

"कोणतं कारण?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मागच्या वेळी एक पोरगी होती खिडकीत, आपल्या वर्षाएवढी. तिनं इचारलं, परत कायले येसान? तुमचं पढवलेलं सगळं होतं डोक्यात. पण मी हिच्याकडे पाह्यलं. ते पांढरे बूट घालून उभी, पर्स अशी दोन्ही हातानं धरेल. इंग्रजी काही समजे ना, पण मी काय बोलतो त्यावर मान डोलवून राह्यली. मले हाऊसच नाही आठवलं. मी म्हणलं, मॅडम, व्हेअर शी, देअर माय हाऊस."

मी त्यांच्या शेजारी कठड्यावर बसलो.

"त्या पोरीनं हिचा पासपोर्ट ठेवून घेतला अन् माहा वापस सरकवला. जिन्यावर ही विचारे, काय म्हणले तुम्ही एवढं? मी सांगितलं, वावराबद्दल विचारत होती." बाबू समोरच्या दाराकडे पाहत होते. "इतके महिने मले वाटे, खरं बोललो म्हणून नाकारलं. ते तसं लिहून देतील याची वाट पाह्यली मी. आज खोटं नाही, पण तुमचं सांगितलेलं बोललो, तरी तेच. म्हणजे कारण कायीच नव्हतं."

"काकूंना हे सांगितलंत का कधी?"

"हे? एवढ्या वर्षात मराठीत नाही सांगितलं. अन् आता सांगून? ती दुसऱ्या दिवशी निघंल तिथून. लेकरू आत्ता कुठं पेटीतून बाहेर आलं."

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. काकूच होत्या. त्यांना तारीख माहीत होती, तिकडे पहाट असावी. मी फोन बाबूंना दिला. गाड्यांच्या आवाजात ऐकू यावं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

"काय झालं हो?"

"तारीख पुढं गेली," बाबू म्हणाले. "साहेब सुट्टीवर हाये."

"मंग मी येते निघून. किती दिवस एकटे राहसान?"

"तू राह्य तिथं. मी मजेत हाओ. लेकरू दूध पिते काय?"

"पिते. आता रडतेबी जोरात." काकूंनी पुन्हा विचारलं. "खरंच मजेत हाये ना?"

बाबूंनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे तोंड फिरवलं. फोन तोंडाजवळ नेऊन, अगदी हळू आणि एकेक शब्द सुटा करून ते म्हणाले, "व्हेअर यू, देअर माय हाऊस."



"इंटरव्ह्यूचं पाठ करून राह्यले काय?" काकू म्हणाल्या. "करा, करा. या वेळी चांगलं पाठ करा."

"हाव," बाबू म्हणाले.